सरांच्या मागे चार गाड्या

माणसानं आठ जण बसतील अशी गाडी घेऊ नये. घेतलीच तर अंधार पडल्यावर घरी आणावी, वर कापड टाकावं आणि कोणी विचारलं तर मेव्हण्याची आहे म्हणून सांगावं. निवासाहेबांनी ती रविवारी सकाळी आणली, दारात उभी केली आणि फडकं घेऊन पुसत बसले. समोरून मिसाकीची आई कुत्र्याला फिरवत चालली होती. ती थांबली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून सीटा मोजल्या आणि म्हणाली, "किती सोय झाली हो आपली!"

त्या 'आपली'मध्ये निवासाहेबांचे पुढचे सगळे रविवार गेले.

मिसाकीची आई म्हणजे मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या कप्तानाची आई, आणि म्हणून पालक मंडळाची अध्यक्ष. तिला स्वतःचंही नाव असणार, पण शाळेच्या जगात आईबापांना नावं नसतात. खुद्द निवासाहेब नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात उपप्रमुख. तिथे लोक त्यांच्यापुढे कमरेत वाकत. मैदानावर मात्र ते 'कोनात्सुचे बाबा', आणि कोनात्सु राखीव खेळाडू असल्यामुळे लोक वाकायचे तेही बेतानंच. पुढच्याच सभेत त्यांना वाहनवाटप प्रमुख नेमण्यात आलं. नको नको म्हणायची रीत असते म्हणून ते दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा खरंच नको म्हणायच्या आत टाळ्या झाल्या.

कोणाला वाटेल, मुलींना गाडीत कोंबायचं आणि सामन्याला न्यायचं, त्यात काय एवढं. निवासाहेबांनाही तसंच वाटलं होतं. पण एकीला मागच्या सीटवर मळमळायचं, तर एकीला पुढे बसवलं की बाकीच्या रुसायच्या. दोघीजणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांना वेगळ्या गाड्यांत बसवायचं, पण त्या बोलत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे असं त्यांच्या आयांना कळू द्यायचं नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या घरून चालवणाऱ्याला मिठाईचा डबा यायचा. डबा आला की परतफेडीचा डबा. परतफेड जरा जड झाली की तिकडून सफरचंदांची पेटी, तीही अख्खं खोरं सफरचंदांच्या बागांनी भरलेलं असताना. निवासाहेबांच्या बायकोनं, योशिएनं, जिन्याखालची तिसरी पेटी बघून विचारलं, "अहो, शाळेची बस नाही का मिळत?"

म्हणून निवासाहेब उपमुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा दिला, खिडकी लावून घेतली आणि समजावून सांगितलं. बससाठी तरतूद नाही. पालकांनी खासगी गाडीतून मुलींना न्यावं असं शाळा कधीच म्हणणार नाही, कारण काही झालं तर जबाबदारी कोणाची? नेऊ नये असंही म्हणणार नाही, कारण मग नेणार कोण? "तुम्ही गाड्या नेता हे मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण नेताना विम्याच्या कागदांची एक प्रत माझ्या टेबलावर ठेवत जा." निवासाहेब स्वतः सरकारी माणूस. इतकं निर्दोष वाक्य आपल्या खात्यात आजवर कोणाला जमलेलं नाही, हे त्यांनी मनोमन कबूल केलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. इबुकीचे बाबा तांदळाचे व्यापारी. घरोघरी पोती पोचवून त्यांना खोऱ्यातली बोळन् बोळ पाठ. ते दर रविवारी एक नवा जवळचा रस्ता सुचवायचे, आणि तो हमखास त्यांच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या दारावरून जायचा. मिसाकीची आई सल्ला देत नसे. ती फक्त "मागच्या वर्षीचे प्रमुख काय व्यवस्थित करायचे" एवढंच म्हणून उसासा टाकायची.

असं करत करत जून उजाडला. जून म्हणजे तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलींची शेवटची स्पर्धा. हरलं की संपलं. बॅट ठेवायची आणि प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला लागायचं. कोनात्सु तिसऱ्या वर्षाला होती आणि आजवर एकदाही सामन्यात उतरली नव्हती. तिनं पाणी वाहिलं, मैदान झाडलं, बाकावर बसून दुसऱ्यांसाठी घसा बसेपर्यंत ओरडली. आणि त्या आठवड्यात संघाला शिकवणाऱ्या तोगाशी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, रविवारी कोनात्सु एकदा बॅटिंगला जाईल. हे तिनं घरी जेवताना सांगितलं, भाताच्या वाडग्यात बघत. वर म्हणाली, "बाबा, तू तिथे ओरडू नकोस."

एरवी ती बापाशी टॅक्सीवाल्याशी बोलावं तेवढंच बोलायची. निवासाहेबांना त्या रात्री झोप लागली नाही. मुलगी बॅट घेऊन उभी राहिलेली आपल्याला बघायचीच आहे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. नियम असा की ठरल्या वेळी पंचापुढे रांगेत उभा नसलेला संघ बाद. तेव्हा उशीर होता कामा नये. शहराच्या मुख्य गटारासाठी केलं नव्हतं एवढं नियोजन त्यांनी त्या एका सकाळसाठी केलं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते उगीच नाही.

रविवारी शाळेच्या फाटकाशी चार गाड्या ओळीनं उभ्या होत्या. सर्वांत पुढे निवासाहेबांची, मागे इबुकीच्या बाबांची, मग आणखी एक, आणि शेवटी मिसाकीच्या आईची. तेवढ्यात तोगाशी सर आपल्या चिमुकल्या गाडीतून आले. बॅटा, हेल्मेटं, सगळं सामान त्यांच्याच गाडीत असे, आणि ती गाडी सगळ्यांच्या पुढे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सर सत्तरीचे. शाळेतून निवृत्त झाले होते, मैदानातून त्यांना निवृत्त करायची कोणाची छाती नव्हती. एरवी ते फाटकाशी खणखणीत भाषण द्यायचे. त्या दिवशी उतरलेसुद्धा नाहीत. काच अर्धी खाली केली, एका हातानं तोंड झाकलं, मान झुकवली आणि दुसऱ्या हातानं खूण केली, की तुम्ही व्हा पुढे.

आता हे कोण ऐकणार? सरांच्या पुढे गाडी काढणारा पालक त्या खोऱ्यात अजून जन्मायचा होता. शिवाय 'तुम्ही व्हा पुढे' हा शिष्टाचार असतो, खरंच पुढे व्हायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. निवासाहेब उतरले, वाकले आणि म्हणाले, आधी तुम्ही, सर. सरांनी पुन्हा खूण केली. निवासाहेब आणखी खाली वाकले. मागच्या गाड्यांतले लोकही उतरून वाकले. शेवटी सरांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि गाडी काढली. मागे चार गाड्या निघाल्या.

नदीवरच्या पुलाशी स्पर्धेच्या मैदानाला उजवीकडे वळायचं. सर डावीकडे वळले. निवासाहेबही डावीकडे वळले. गाडीतली रस्ता सांगणारी बाई गोड आवाजात म्हणाली, शक्य झाल्यास मागे फिरा. मागच्या सीटवरून एक मुलगी म्हणाली, काका, रस्ता चुकला. निवासाहेब तिला म्हणाले, सरांचा रस्ता कसा चुकेल? मग शेजारी बसलेल्या योशिएचा फोन वाजला. इबुकीची आई विचारत होती, की तिच्या नवऱ्याच्या मते सर जुन्या दगडखाणीवरून जवळच्या रस्त्यानं नेतायत, बरोबर ना? पाठोपाठ मिसाकीच्या आईच्या गाडीतून निरोप आला. सर नक्कीच डोंगरावरच्या देवळात विजयासाठी प्रार्थना करायला थांबणार. आधी सांगितलं असतं तर तिनं नैवेद्य आणला असता. चारही गाड्यांतल्या बाया शक्य झाल्यास मागे फिरायला सांगत होत्या आणि चारही गाड्यांतले शहाणे सरांच्या वागण्यातलं मर्म शोधत होते.

सरांनी आरशात बघितलं असावं. त्यांनी गाडी कडेला घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला, जा, जा पुढे. निवासाहेबांनी त्यांच्या मागे गाडी उभी केली. बाकीच्यांनी निवासाहेबांच्या मागे. हात थकेपर्यंत सर हलवत राहिले. सर किती संकोची आहेत बघा, असं योशिएही म्हणाली. मग सरांनी गाडी सुसाट सोडली आणि या चौघांनीही सोडली.

वाटेत संघाबरोबर असणाऱ्या शिक्षिका कुरोसे बाईंचा फोन आला. त्या मैदानावर आधीच पोचल्या होत्या. कुठे आहात, त्यांनी विचारलं. योशिए म्हणाली, सरांबरोबर आहोत. मग काही काळजी नाही, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

भातखाचरं आणि बागा यांच्यामधून एक अरुंद गल्ली वर चढत होती. सर तीत शिरले. चारही गाड्या शिरल्या. गल्ली संपली तिथे एक कौलारू घर होतं, दारात वाळत घातलेले कपडे होते, आणि पाटीवर लिहिलं होतं, तोगाशी.

सर गाडीतून उतरून पळत आत गेले. त्यांची बायको फुसाए, कमरेला एप्रन, दारात येऊन उभी राहिली आणि अंगणात उतरणाऱ्या अख्ख्या संघाकडे बघत राहिली. थोड्या वेळानं सर बाहेर आले. आता तोंडावर हात नव्हता आणि कवळी जागेवर बसलेली होती.

"तुम्ही सगळे इथे काय करताय?" सर म्हणाले.

सगळे निवासाहेबांकडे बघू लागले. शेवटी निवासाहेब म्हणाले, "सर, आम्ही तुमच्या मागे होतो."

"अहो, पण मी पुढे व्हा म्हणत होतो ना! कितीदा सांगितलं!"

"आम्हाला वाटलं, तुम्ही भिडेखातर म्हणताय."

सर कवळी विसरले होते. बिनदाताच्या तोंडानं मुलींसमोर बोलायची लाज वाटली, म्हणून गुपचूप घरी जाऊन यावं, तोवर मंडळी पोचतील, मागून सामान घेऊन आपण गाठू, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो त्यांनी उभ्या उभ्या सांगितला आणि लाल झाले. सगळ्यांनी वाकून क्षमा मागितली. सरांनीही वाकून मागितली. हे चाललेलं असताना फुसाए बाईंनी ओसरीवर चहा मांडला आणि मोहरीच्या पानांच्या लोणच्याची थाळी फिरवली.

आता गुरुपत्नीनं पुढे केलेला चहा कोण नाकारणार? आणि त्या खोऱ्यात पेला रिकामा झाला रे झाला की भरतात. मिसाकीच्या आईनं लोणचं कसं घातलं ते विचारलं. इबुकीच्या बाबांनी तांदूळ कोणाकडून घेता म्हणून विचारलं. उशीर होतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आधी उठायचं कोणी? सर यजमान, त्यांनी पाहुण्यांना उठा कसं म्हणावं? पाहुणे पाहुणेच, त्यांनी सरांच्या आधी कसं उठावं? निवासाहेबांचा तिसरा पेला भरला गेला.

तेव्हा कोनात्सु त्यांच्याजवळ आली. चारचौघांत ती कधी बापाजवळ यायची नाही. हळूच म्हणाली, "बाबा, नाही पोचलो तर माझं राहीलच ना."

एवढंच म्हणाली. निवासाहेबांनी पेला खाली ठेवला. बावीस वर्षं नोकरीत त्यांनी वरिष्ठाला कधी घड्याळसुद्धा दाखवलं नव्हतं. ते उठले आणि सरांना म्हणाले, "सर, उठा. आज तुम्ही सगळ्यांच्या मागे या."

मिसाकीच्या आईच्या हातातलं लोणचं हातातच राहिलं. आणि सर चक्क उठले. बहुधा तेही मघापासून कोणीतरी हे म्हणायची वाट बघत असावेत.

पण गल्लीत गाड्या वळत नव्हत्या. उलट्या मागे न्यायच्या, आणि त्यात पहिली मिसाकीच्या आईची. "मी गाडी मागे घेत नाही," ती म्हणाली, एखादी बाई मी मांसमच्छी खात नाही म्हणते तशी. आयुष्यात तिनं गाडी कधी मागे घेतली नव्हती. तशी वेळ येणार नाही अशाच जागा ती निवडायची. निवासाहेब तिच्या गाडीत बसले. शेजारच्या बागेतून एक म्हातारे आजोबा आले आणि न सांगता दिशा दाखवू लागले. येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या. निवासाहेबांनी येऊ दिलं, आणि मागचं चाक धाडकन नालीत गेलं.

"जाणारच," आजोबा समाधानानं म्हणाले. "तीन वर्षं नगरपालिकेत खेटे घालतोय, या नालीवर झाकण टाका म्हणून. सांडपाणी खात्यात कोणी उपप्रमुख आहे म्हणे. दर वेळी आतून सांगून पाठवतो, पुढच्या वर्षी बघू."

निवासाहेब चाकाकडे बघत राहिले. योशिए निवासाहेबांकडे बघत राहिली.

"तुम्ही का नाही जाब विचारत त्याला?" ती आजोबांना म्हणाली.

"भीड वाटते हो. साहेब माणूस. पण भीड भिकेची बहीण, बघा."

गाडी मुलींनी बाहेर काढली. सरांच्या नुकत्याच बसवलेल्या कवळीनं नव्या जोमानं एक, दोन, तीन केलं, आणि रोज मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या त्या पोरींनी मागची बाजू उचलून रस्त्यावर ठेवली. मिसाकीची आई हसून म्हणाली, काही नाही, काही नाही, जरासं खरचटलंय. ते हसू आपल्याला तिची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत पुरणार, हे निवासाहेबांना कळून चुकलं. मग त्यांनी उरलेल्या गाड्या कोणालाही न विचारता, कोणाचंही न ऐकता मागे घ्यायला लावल्या. खोऱ्यात प्रथमच मिसाकीची आई पुढे आणि तोगाशी सर सगळ्यांच्या मागे, अशी वरात निघाली.

मैदानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा पंच हातातल्या घड्याळावर बोट ठेवून उभा होता. दारं धडाधड उघडली. मुली पळाल्या, त्यांच्यामागे बॅटा घेऊन बापे पळाले, पाण्याचे थर्मास घेऊन आया पळाल्या, सर पळाले. रांग लागली. पंचानं बोट काढलं. निवासाहेबांनी देवाचे आभार मानले आणि तेही पळणार, तेवढ्यात झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक समोर आला. फाटकात पाच गाड्या वाट अडवून उभ्या होत्या.

"वाहनवाटप प्रमुख कोण?" त्यानं अदबीनं विचारलं.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी निवासाहेबांनी छाती पुढे काढली असती. प्रत्येक शाळेची एकच गाडी आत, बाकीच्या बंधाऱ्यापलीकडे नदीकाठी, आणि तोंडं नदीकडे, असं परिपत्रक होतं. निवासाहेबांनी एक गाडी नेली, बंधारा चढून परत आले, दुसरी नेली. मिसाकीच्या आईच्या गाडीचं तोंड चुकून बंधाऱ्याकडे झालं, ते पुन्हा फिरवावं लागलं. इबुकीच्या बाबांच्या गाडीत शिरत असतानाच मैदानातून एकदम आरडाओरडा उठला. मुली किंचाळत होत्या, ढोल वाजत होता. निवासाहेबांनी टाचा उंच करून बघितलं. माणसांच्या पाठी दिसल्या. सोडून पळत जावं असं त्यांच्या मनात आलं, पण गाडी रस्त्याच्या मधोमध होती, आणि मागे दुसऱ्या शाळांच्या गाड्या एकही हॉर्न न वाजवता शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. निवासाहेबांना रडू आलं. त्यांनी ते पुसलं आणि गाडी नदीकडे तोंड करून लावली.

ते पोचले तेव्हा कोनात्सु बाकावर परत येऊन बसली होती. फलकावर त्यांच्या संघाची एक धाव लागली होती. मिसाकीची आई ओल्या डोळ्यांनी म्हणाली, अभिनंदन, कोनात्सुचे बाबा, काय कमाल झाली, नाही! निवासाहेब वाकले. इबुकीच्या बाबांनी पाठ थोपटली. निवासाहेब पुन्हा वाकले. एवढी अभिनंदनं घेतल्यावर नेमकं झालं काय हे विचारायची सोय राहिली नाही. त्यांनी योशिएला बाजूला घेतलं. तिनं कानात सांगितलं, "मी भीतीनं डोळेच मिटले हो. उघडले तर ती पहिल्या बेसवर उभी."

सामना हरले. धाव ती एकच झाली. मुली मातीत बसून रडल्या, सरांनी कवळी घट्ट दाबून भाषण केलं आणि शेवटी स्वतःच रडले. मग गाड्या परत निघाल्या. एकेक मुलगी आपापल्या दारात उतरली, वाकून गेली, आणि शेवटी मागच्या सीटवर कोनात्सु एकटी उरली. खिडकीबाहेर नुकती लावलेली भाताची रोपं मागे पडत होती.

"छान मारलास," निवासाहेब म्हणाले.

कोनात्सुनं बुटाच्या नाडीची गाठ सोडली. मग ती म्हणाली, "मी बॅट फिरवलीच नाही, बाबा."

योशिए खिडकीबाहेर बघू लागली. निवासाहेब सारवासारव करणार होते, पण त्यांना दिवसभराच्या सगळ्या भिडेचा कंटाळा आला होता. "मी नव्हतो तिथे," ते म्हणाले. "गाड्या लावत होतो. नाही बघितलं मी."

"आणि आई?"

"मी डोळे मिटले होते," योशिए म्हणाली.

कोनात्सुनं कपाळावर हात मारून घेतला. "कसले आईबाप आहात रे तुम्ही!" असं म्हणून ती मागच्या सीटवरून उडी मारून मधल्या सीटवर आली, आणि पुढच्या दोन सीटांच्या मध्ये हनुवटी ठेवली. वर्षभरात ती इतकी जवळ आली नव्हती.

मग ती सांगू लागली. तिन्ही बेसवर आपल्या मुली उभ्या. समोरची पिचर ही एवढी धिप्पाड. चार बॉल बाहेर पडले तर आपल्याला फुकट पहिला बेस, आणि तिसऱ्या बेसवरची मिसाकी आपोआप घरी, म्हणजे एक धाव. पण सरळ बॉल सोडला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले तर आपण बाद. बॅट एवढी जड झालेली, की उचलतच नव्हती. पहिला बॉल सरळ आला, ती बघतच राहिली. स्ट्राइक. दुसरा बाहेर. तिसरा बाहेर. चौथा इतका सुंदर आला की सगळे मार मार म्हणून ओरडले, आणि हिचा हातच हलेना. दोन स्ट्राइक. पाचवा पायाशी आपटला. निवासाहेबांनी घराचं वळण सोडून दिलं आणि नदीकाठानं सरळ गाडी नेली. योशिए मागे वळून ऐकत होती. सगळं खोरं फिरून, देवळाला वळसा घालून ते शेवटी दारात आले, इंजिन बंद केलं, तरी तिघांतलं कोणी उतरेना. तीन बॉल बाहेर पडले होते, दोन स्ट्राइक झाले होते, आणि शेवटचा बॉल अजून पडायचा होता.